नखभर

सिगुरवेइग मोजे काढत नाही.
बाहेर खाडीवर वारा. आत माझ्या खोलीत
खुर्ची, दिवा, कोमट पाण्याचं घमेलं,
आणि ती, बहात्तर वर्षांची, हात मांडीवर,
डोळे समोरच्या बंद पडलेल्या हेरिंगच्या गोदामावर.
"माझा पाय बघण्यासारखा नाही."
म्हटलं, बघण्यासारखे पाय माझ्याकडे येतच नाहीत.

उजवा अंगठा.
नख पिवळं, जाड, विझलेल्या मेणबत्तीच्या बुडासारखं,
कडेला भुगा, खाली पोकळ.
एकवीस वर्षं, तिने मोजून सांगितलं.
त्यातली बरीचशी मासळीच्या कारखान्यात,
रबरी बुटांत, ओल्या मोज्यांत, कॉड चिरत.
व्हिनेगर झालं. कुठल्याशा गलबतावरून आलेलं
जांभळं औषध झालं.
दुकानातलं लाखेसारखं लावायचं, दोन बाटल्या,
दोन्ही अर्ध्यावर सोडलेल्या.

इथे घरात शिरताना सगळेच बूट काढतात.
तलावावर तर नियमच: गरम पाण्यात उतरायच्या आधी
साबण लावून आंघोळ, अनवाणी, सगळ्यांसमोर.
आणि गावाचं सगळं बोलणं त्या पाण्यात होतं.
कोण गेलं, कोणाची बोट विकली,
कोणाची सून पुन्हा दक्षिणेला पळाली.
सात वर्षं सिगुरवेइगला बातम्या शिळ्या मिळतात.

नखाचा कपटा तपासायला पाठवला.
तीन आठवड्यांनी उत्तर आलं, बुरशीच.
डॉक्टरांनी आधी रक्त घेतलं, यकृत बघितलं, मग गोळ्या.
कानस माझ्याकडे. दर पाच आठवड्यांनी
मास्क लावून घासते, तरी वास येतोच,
तळघरातल्या ओल्या पुठ्ठ्याचा.
नखाने तुटतं त्याला कुऱ्हाड कशाला, म्हणतात.
इथे नखालाच कुऱ्हाड लागते.

मी सगळ्यांना सांगते, आजारी नख बरं होत नाही.
मुळाशी नवं येतं आणि जुन्याला पुढे ढकलतं,
महिन्याला मिलिमीटर. तिच्या वयात तेवढंही नाही.
घाई असेल त्याने दात दुखवून घ्यावा.

नोव्हेंबरात सूर्य डोंगराआड गेला.
डिसेंबरात मुळाशी गुलाबी चंद्रकोर, खसखशीएवढी रुंद.
भिंग धरलं तेव्हा तिला दिसली.
जानेवारी सरता सरता ऊन परत गावात उतरलं,
ती पॅनकेक घेऊन आली, आपणहून मोजे काढले.

एप्रिलमध्ये डाव्या अंगठ्यावर पांढरा ठिपका.
नवा.
मोजे? उकळते. टॉवेल? पायाचा वेगळा.
बूट? सगळे टाकले, नवे घेतले.
सगळे?
खिडकीबाहेर बघत राहिली.
"केतिलचे आहेत दाराशी.
कोंबड्यांना दाणे टाकायला जाते तेवढेच घालते.
मिनिटभर."
केतिलला जाऊन चौदा वर्षं झाली.
"त्याचे पाय मोठे. आत दोन मोजे घालावे लागतात."

टाकून द्या, हे वाक्य मला पाठ आहे.
दिवसाला चारदा म्हणते. त्या दिवशी
कानस पुसत बसले, पुसलेलीच.

तिनेच तोड काढली. कारखान्यातल्या ओळखीने
बूट शीतगृहात ठेवले, नऊ दिवस, हॅडकच्या खोक्यांमध्ये.
विजयी मुद्रेने सांगायला आली.
मग मला सांगावंच लागलं,
थंडीने ती मरत नाही. नुसती झोपते.
"केतिलही तसाच होता," ती म्हणाली,
आणि इतकी हसली की पाय घमेल्याबाहेर.

आता बूट पिशवीत आहेत, जाळ्याच्या दोरीने गाठ मारून,
त्याच फळीवर. नवे निळे घातले
तर कोंबड्या दोन दिवस बिचकल्या म्हणे.
डावा अंगठा लवकर सापडला, लवकर निवळला.
रक्ताचे आकडे मध्ये चढले, गोळ्या महिनाभर थांबल्या;
त्या महिन्याची आडवी रेघ
उजव्या नखावर अजून आहे, बोट फिरवलं की लागते.

सप्टेंबर, दुसरा.
टोकाला तांदळाएवढं पिवळं उरलंय.
मी म्हणते, पुढच्या वेळी आपोआप जाईल.
तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीत टॉवेल
आणि तलावावर घालायच्या रबरी सपाता, किमतीची चिठ्ठी तशीच.
"आता काप," ती म्हणते. "आठला बंद होतं."